कोरी सीडी आणि आत्याच्या ओव्या

पोथी नकलून झाली की लेखनिक शेवटी बहुधा सांगून टाकतो: जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नये. पाठचिकित्सा शिकवताना हा तपशील मी वर्गात नेहमी गमतीने सांगत आलो. माझ्या हातून बिघडलेल्या नकलेचा दोष मात्र माझाच आहे.

2006 च्या माघात उमरठला गेलो होतो. पोलादपूर तालुक्यातले हे गाव लोकांना तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे ठाऊक. आम्हांला ते आत्याचे सासर. वद्य नवमीची पुण्यतिथी झाल्यावर आत्याला जात्यापाशी बसवले आणि साठ मिनिटांची कॅसेट भरून ओव्या घेतल्या. अगदी शेवटी, चहा झाल्यावर, तिने भाऊरायाच्या ओव्या म्हटल्या. ओवीत भावाचे नाव गुंफण्याची रीत आहेच; तिने माझ्या वडिलांचे गुंफले. वडील आदल्याच वर्षी गेले होते.

महाडला परतून कॅसेट संगणकावर उतरवली. मिनिटाला सुमारे 10 एमबी, म्हणजे सगळा ऐवज 700 एमबीच्या एका सीडीत मावणारा. बाजारातून सुट्या कोऱ्या सीडी आणल्या आणि रायटरचा वेग 52 एक्स ठेवला. पहिल्या दोन ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ दाखवून वाया गेल्या. तिसरी झाली, निदान पडद्यावर तसे उमटले.

दोष ना धड रायटरचा होता, ना धड सीडीचा. दोघांचे जमत नव्हते. कोऱ्या सीडीवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो, सायनीन, थॅलोसायनीन किंवा अ‍ॅझो, आणि लेझरने त्यावर खुणा उमटतात. कोणत्या थराला किती शक्ती लावायची हे रायटरला कळावे लागते. त्यासाठी सीडीच्या खाचेत उत्पादकाचा संकेत आधीच कोरलेला असतो. रायटर तो वाचून आपल्या फर्मवेअरमधल्या नोंदींशी ताडतो, आतल्या कडेला थोडे लिहून शक्ती अजमावतो आणि मग कामाला लागतो. संकेत ओळखीचा नसला तर सारे अंदाजपंचे. वेष्टनावरचे नाव आणि खरा उत्पादक एकच असेल असेही नाही. नवे फर्मवेअर घालणे, वेग 16 एक्सवर आणणे, दुसऱ्या उत्पादकाच्या सीडी वापरणे, हे उपाय मला नंतर कळले. डीव्हीडीतल्या ‘अधिक’ आणि ‘वजा’ची भानगड तर आणखी निराळी. असो.

‘लिहिलेले ताडून पाहा’ अशी एक चौकट तेव्हा पडद्यावर होती. पाच-सात मिनिटे वाचावीत म्हणून मी ती रिकामी सोडली. पाठभेदांवर टिपणे काढणाऱ्या माणसाने! पुढे त्याच कॅसेटवर एका परिसंवादातली भाषणे भरली. त्यांत एक माझेही होते.

गेल्या वर्षी कपाटातली ती सीडी काढली. लॅपटॉपला सीडीचा खणच नाही. बाहेरून जोडायचे यंत्र आणले, तर त्याने सीडी ओळखलीच नाही. मग एका मित्राच्या जुन्या संगणकावर, वाचनाचा वेग अगदी कमी करून, सात फाइलींपैकी पाच सुखरूप उतरल्या. सहावी अर्धीमुर्धी आली. सातवी नाही. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि 52 एक्सचा रायटर बाहेरच्या कडेकडे जाताना वेग वाढवत नेतो. बिनसते ते बहुधा तिथेच. चहानंतरच्या ओव्या तिथे होत्या.

आत्या आता नाही. उमरठला जाऊन वहिनींना विचारले. “सासूबाईंच्या येतात की मला, भावोजी,” म्हणाल्या, आणि जाते कधीच हलवलेले असल्यामुळे ओट्यावरच बसून म्हणू लागल्या. चाल तीच, शब्दही बरेचसे तेच. नावाच्या जागी मात्र त्यांनी स्वतःच्या भावाचे नाव घातले. मी थांबवले नाही. फोनवरचे ध्वनिमुद्रण तिथेच दोनदा ऐकून पाहिले.