थंडीपासून जपलेलं झाड

ब्लड ऑरेंजला लाल रंग थंडी देते. हे मला कलम लावण्याआधी माहीत असायला हवं होतं. मी वरुडकडच्या संत्रा बागायतदाराची मुलगी. संत्र्याबद्दल कुणाला विचारायची गरज मला वाटली नाही. सॅन होजेच्या घरामागे ‘मोरो’ जातीचं कलम लावलं आणि त्याला वरुडच्या झाडासारखं वागवत राहिले. खरं तर ते नागपुरी संत्र्यापेक्षा मोसंबीच्या जवळचं.

जागा निवडतानाच चुकले. परदेशातला गारठा झाडाला सोसणार नाही, या भीतीने मी ते दक्षिणेच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीला लागून लावलं. नोव्हेंबर लागला की रोज संध्याकाळी त्यावर जुनी चादर टाकायची आणि आत तापणारे बल्ब लावायचे. गोड संत्र्याच्या फळाला खरा धोका उणे २ अंशांच्या आसपास सुरू होतो आणि आमच्याकडच्या बहुतेक रात्री त्याच्या बऱ्याच वर असतात. थर्मामीटर टांगून मी ते कधी पाहिलंच नाही. फळं धरली, जानेवारीत कापली, तर आतला गर साधा नारिंगी. एखाद्या फोडीत पुसट लाल रेघ, एवढंच. चुकीचं कलम दिलं म्हणून मी नर्सरीवाल्याला जाऊन बोलले. त्याचा काही दोष नव्हता, आणि त्या बोलण्याचं मला अजून वाईट वाटतं.

सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या परिसरात ही फळं गडद लाल होतात, ती दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा या जोडीमुळे. इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरच्या संशोधकांनी २०१२ साली यामागचं कारण उलगडलं. या झाडात ‘रूबी’ नावाच्या जनुकाजवळ डीएनएचा एक तुकडा येऊन बसला आहे. थंडी पडली की तो जनुकाला चालना देतो आणि गरात अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होऊ लागतं. मी चादर घालून नेमकी तीच थंडी अडवत होते.

पाण्याच्या बाबतीतही माहेरचीच सवय नडली. विदर्भातली थंडी झाडाला पुरेशी विश्रांती देत नाही, म्हणून आंबिया बहारासाठी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. इथे ते काम हिवाळाच करतो. तरी एका कोरड्या हिवाळ्यात मी पाणी तोडलं आणि कळ्या दिसेपर्यंत ओढून धरलं. भिंतीलगतच्या मातीला भेगा पडल्या. फुलं गळाली, धरलेली बारकी फळंही गळाली.

त्या अशक्त झाडाच्या बुडातून एक जोमदार फांदी आली आणि मी आनंदाने तिला वाढू दिलं. तिला लांब काटे होते, पानं बेलासारखी तीन दलांची. आमच्याकडे खुंट जंबेरीचा, त्यामुळे असं पान मी कलमावर कधी पाहिलेलं नव्हतं. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी एवढंच विचारलं, “बाई, हे कलमाच्या जोडाच्या वर आहे का खाली?” खाली होतं. खुंटाचाच फुटवा तो. कापेपर्यंत त्याने मूळ कलमाचं बरंच बळ खाल्लं होतं.

आता हिमतुषाराचा इशारा असेल त्याच रात्री चादर घालते. पाणी नियमित देते, पण बुंध्यापासून दूर. भिंतीपासून लांबच्या फांद्यांवरची फळं आत लालभडक निघतात, भिंतीकडची अजून फिकटच. झाड हलवण्याजोगं राहिलेलं नाही, त्यामुळे ती चूक दुरुस्त होणार नाही.

मुंबईतले आणि कोकणातले नातेवाईक हौसेने या कलमाची चौकशी करतात. झाड जगेल, फळही येईल. पण तिथल्या उबदार रात्रींत गर लाल होईल अशी आशा धरू नका. आपल्याकडे ‘ब्लड रेड माल्टा’ पंजाबात होतो, तो तिथल्या थंडीमुळे. तुमच्या अंगणात डिसेंबरच्या रात्री पारा किती उतरतो, ते आधी एक हिवाळाभर मोजा. कलम त्यानंतर घ्या.