डावा पीळ

दोर वळणे मराठी माणसाला परके नाही. निदान बोलण्यात तरी. आम्ही प्राध्यापक मंडळी तर जन्मभर चऱ्हाटच वळत असतो! पण भाताच्या पेंढ्याचा खराखुरा दोर वळायला मी शिकलो तो चाळिशी उलटल्यावर, आणि तोही दक्षिण कोरियात. भाचा तिकडे नोकरीला आहे; सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो.

सेऊलच्या दक्षिणेला, आसान शहराजवळ ओएआम नावाचे जुने खेडे आहे. कोकणातल्यासारखे दगडी गडगे आणि त्यांच्याआड पेंढ्याने शाकारलेली घरे. तिथल्या एका अंगणात एक म्हातारबुवा पाहुण्यांना दोर वळायला शिकवीत होते. कृती दिसायला सोपी. पेंढा बडवून मऊ करायचा, वर पाण्याचा शिपका मारायचा, काडांच्या दोन जुड्या तळहातांत धरून उजवा हात पुढे सारीत पीळ द्यायचा. जुडी बारीक झाली की नवी काडे त्यात सारायची. या दोराला तिकडे ‘सेक्की’ म्हणतात. पिल्लालाही ‘सेक्की’च म्हणतात. शब्द वेगळे, उच्चार एक. भाषा शिकवणाऱ्याची खोड. मी लगेच टिपून घेतले.

तासाभराने बुवांनी खुणेने सांगितले, आता उलटा! म्हणजे डावा हात पुढे. उजव्या पिळाचा दोर रोजच्या कामाचा. ओझी बांधावीत, छप्पर आवळावे. डाव्या पिळाचा ‘गुम्जुल’साठी. ‘गुम्’ म्हणजे मनाई, ‘जुल’ म्हणजे दोर. इडापिडेला सरळ पीळ ओळखीचा, उलटा दिसला की ती बिचकते, असे सांगतात. श्राद्धाला आपण जानवे अपसव्य करतोच की.

घरात मूल जन्मले की हा दोर दारावर आडवा बांधीत. मुलगा झाला तर त्यात लाल मिरच्या आणि कोळसे, मुलगी झाली तर पाइनच्या डहाळ्या आणि कोळसे. आपल्या लिंबू-मिरचीची आठवण झाली खरी. पण आपल्या लिंबू-मिरचीखालून गिऱ्हाईक खुशाल आत येते. गुम्जुल दिसला की सख्खा शेजारीही 21 दिवस उंबरा ओलांडीत नसे. भुतांचे काय व्हायचे ते होवो. ओल्या बाळंतिणीला विसावा आणि तान्ह्याला रोगराईपासून आडोसा मिळे, तो या चार काडांमुळे.

आता बाळंतपण इस्पितळात होते आणि तिथून बहुतेक बाळंतिणी खास त्यांच्यासाठी चालवलेल्या निवासात जातात. शिवाय दोर बांधायला आधी मूल हवे! 2023 साली कोरियात एका स्त्रीमागे सरासरी 0.72 मुले जन्मली; 2024 मध्ये आकडा जेमतेम 0.75 वर गेला. नवराबायको दोघांमागे पुरते एक मूलही नाही.

शेवटचा गुम्जुल घरावर कधी बांधलात, असे मी भाच्याकरवी विचारले.

“मामा, ते म्हणताहेत, धाकट्या लेकीच्या वेळी. डहाळ्या स्वतः डोंगरावरून आणल्या होत्या. ती आता सेऊलला असते. लग्न केलं नाही.”

लेक माझ्याच वयाची निघाली.

दोर वळणे मात्र थांबलेले नाही. आंदोंगजवळच्या हाहोए गावात सुमारे सहाशे वर्षांच्या झाडाभोवती असाच दोर असतो. येणारेजाणारे आपले नवस कागदावर लिहून त्यात खोवतात. सोयाबीन मुरवण्याच्या रांजणांनाही तो बांधतात. माझा डाव्या पिळाचा दोर बुवांनी परसातल्या रांजणाच्या गळ्याला बांधला, त्यात तीन मिरच्या आणि एक कोळसा खोवला. हातभर दोर उरला होता, तो कापून टाकला नाही. गुंडाळून खुंटीला अडकवून ठेवला.