उखळ एक, मुसळं दोन

माझं पोट शेतीवर. तूर, सोयाबीन, विहिरीवर चार सऱ्या ऊस. शिक्षण दहावी, तेही गणितात काठावर. तरी गावातली पोरं मला रेडिओकाका म्हणतात, कारण गेली तीस वर्षं पावसाळी रात्री मी डागणी घेऊन बसतो. ट्रान्झिस्टरचा फ्रिक्वेन्सी डबलर मी कसा केला, ते इथं लिहितो. नाव इंग्रजी आहे, पण गोष्ट आपल्या अंगणातली आहे.

याचं मूळ ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या आत जमीन हलली. आमच्या भिंती तडकल्या, पण माणसं वाचली. आक्काचं सासर मात्र किल्लारीच्या पलीकडं. फोन मुका, रस्ता माणसांनी आणि गाड्यांनी भरलेला. मी चालत गेलो. घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता आणि आक्का कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका तंबूत मोटारीच्या बॅटरीवर डबा लावून एक माणूस बोलत बसलेला दिसला. हॅम रेडिओवाला. मी नाव सांगितलं, त्यानं पुढं सांगितलं. दोन तासांनी उत्तर आलं, बाई सोलापूरला दवाखान्यात आहे, पाय मोडलाय, शुद्धीवर आहे. त्या डब्याला मी हात जोडले. तो माणूस हसला, म्हणाला, “दादा, हे घरी पण करता येतं. परीक्षा द्या, परवाना काढा.”

परीक्षेला खालच्या वर्गासाठी मिनिटाला पाच शब्दांचा मोर्स लागायचा. बैलामागं चालताना तोंडानं डा-डिट करत शिकलो. ते जाऊ द्या.

मला बोलायचं होतं ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटर पट्ट्यात. पण ऑसिलेटर तिथंच चालवला तर पुढची जोरकस लहर मागं येऊन त्यालाच हलवते, सूर सरकतो. म्हणून ऑसिलेटर निम्म्यावर, साडेतीनवर ठेवायचा आणि पुढं दुप्पट करायचं. यात एक खोट आहे. ऑसिलेटर शंभर हर्ट्झ सरकला तर बाहेर दोनशे सरकतो. तेवढं सोसावं लागतं.

दुप्पट होतं कसं? नागपंचमीचा झोका आठवा. दर खेपेला ढकललं नाही, एकाआड एक खेपेला ढकललं, तरी झोका आपल्याच चालीनं जातो. ट्रान्झिस्टरच्या बेसला बायस द्यायचा नाही. मग लाटेचा माथा ०.६ व्होल्टच्या वर गेला तेवढ्यापुरताच तो उघडतो आणि कलेक्टरला एक धक्का देतो. कलेक्टरला कॉइल आणि कंडेन्सर ७ मेगाहर्ट्झला जुळवलेले असले, की एका धक्क्यावर त्यांचे दोन झोके होतात.

याहून बरी रीत दोन ट्रान्झिस्टरांची. एका उखळात दोघी बाया आळीपाळीनं कांडतात तशी. प्रत्येकीचं मुसळ आपल्या चालीनं, उखळाला घाव मात्र दुप्पट. मी दोन बीएफ १९४ घेतले. मधून टॅप काढलेल्या कॉइलनं दोन्ही बेसला उलटसुलट लाट दिली, कलेक्टर एकत्र बांधले. दोघींचा जोर सारखा असला तर साडेतीनची मूळ लहर आपोआप कटते. जोर सारखा करायला दोन्ही एमिटरच्या मध्ये १०० ओहमचा प्रीसेट लावला, त्याचा मधला पाय जमिनीला.

कॉइलची तार मोटार भरणाऱ्याकडून आणली, २६ गेज. सेंटीमीटरभर जाडीच्या स्केचपेनच्या नळीवर शेजारी शेजारी तीस वेढे. त्यावर ट्रिमर धरून साधारण १०० पिकोफॅरड. याच कॉइलवर साडेतीन हवं असतं तर ४०० लागले असते. वारंवारता दुप्पट, तर कंडेन्सर चौथाई. हे गणित मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी काठावर राहिलो नसतो.

मोजायला यंत्र नव्हतं. ऑसिलेटर डालड्याच्या डब्यात बंद केला, नाहीतर त्याचाच आवाज सगळीकडं. मग घरचा जुना रेडिओ लांब ठेवून सातवर लावला आणि खरखर सगळ्यात जास्त दबेपर्यंत ट्रिमर फिरवला. मग साडेतीनवर लावून प्रीसेट फिरवला, दबलेली खरखर परत येईपर्यंत. तिसरी लहर, साडेदहाची, आपल्या पट्ट्याबाहेर जाते. ती अडवायला शेवटी, अँटेनाच्या आधी, फिल्टर हवाच. तिथं कंजुषी करू नये. परक्याच्या वावरात पाणी सोडल्यासारखं आहे ते. असल्या डबलरवर मोर्सच चालतो, माणसाचा आवाज फाटतो.

पुढं एक एसएल १०० जोडला, लिंबावरून सहासष्ट फूट तार ओढली. पहिलं उत्तर बंगळुरूहून आलं, ५७९. आक्का त्या दिवशी माहेरीच होती. काठी टेकत आली, कान लावून बसली.

“काय म्हणतोय रं बापू त्यो?”

“माझं ऐकू येतंय म्हणतोय.”

“मग त्याला जेवलास का इचार की.”

विचारलं. माझ्या वेगानं बराच वेळ लागला. तो जेवला होता.