तापीकाठचं भरीत

खानदेशाला समुद्र नाही, पण चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. हतनूर धरणाचं पाणी इथं असं पसरलंय की सकाळभर काठावरून पाय निघेना. पुरातन दगडी मंदिर पाहिलं, पाण्यावरचे पक्षी पाहिले आणि दुपारी सडकेकडेच्या एका पत्र्याच्या खानावळीत शिरलो.

मावशी मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होत्या. गॅसवर नाही, हे बघूनच भूक खवळली. पांढरट हिरवी, मोठाली वांगी. याच जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. साल निघाली, गर लाकडी भांड्यात पडला, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत ठेचला गेला. मग कांद्याची पात, शेंगदाणे, वरून चरचरीत फोडणी. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

पहिल्याच घासाला धुराचा वास नाकात गेला, मागून मिरची आली. डोळ्यांत पाणी, तरी हात थांबेना. शहरातल्या हॉटेलांत टोमॅटो घालून जे भरीत म्हणून वाढतात, ते मला आता नकोच.

"थंडीतच या भाऊ," मावशी तिसरी भाकरी वाढत म्हणाल्या, "उन्हाळ्यात वांग्याला ही चव नसते."