रिआल्टोचा खुर्दा

व्हेनिसच्या रिआल्टो पुलावर छायाचित्रे काढून बहुतेक प्रवासी पुढे निघून जातात. पुलाच्या पायथ्याशी, बाजाराच्या अंगास, सान जाकोमो नावाचे लहानसे चर्च आहे. त्याच्या बाहेरील भिंतीवर एक जुना लॅटिन लेख कोरलेला आहे. या मंदिराभोवती व्यापाऱ्यांना समान न्याय मिळावा, वजने खोटी नसावीत, करारात कपट नसावे, असा त्याचा आशय. पेढीवर बसणाऱ्याने तो मुद्दाम पाहावा. याच चौकात सराफ बाक मांडून नाणी पारखीत. बाकास इटालियनमध्ये ‘बांको’ म्हणतात. ‘बँक’ हा शब्द त्यातूनच आला.

बाराव्या शतकाच्या अखेरीस या बाकांवर येणारा ‘देनारो’ फारच हिणकस झाला होता. वजन अर्ध्या ग्रॅमहून कमी आणि त्यात चांदी जेमतेम चौथा हिस्सा. मोठा व्यवहार अशा खुर्द्यात होणार कसा? तेव्हा एन्रिको दांदोलो या डोजेने, म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाने, ‘ग्रोसो’ हे नवे नाणे पाडले. वजन सुमारे २.२ ग्रॅम, चांदी शेकडा ९८ हून अधिक. चौथ्या धर्मयुद्धाची जहाजे बांधणाऱ्या कारागिरांना वेतन देण्यासाठी ते पाडले, असे तेराव्या शतकातील एक बखर सांगते. ग्रोसोचा कस पुढे सुमारे दीडशे वर्षे ढळला नाही. सर्बियाच्या राजाने त्याची नक्कल केली, तर दांतेने आपल्या महाकाव्यात त्यास दोषी ठरविले!

देनारोची कथा मात्र निराळी. प्रारंभी एका ग्रोसोस सुमारे २६ देनारो पडत. १२८२ मध्ये ३२ पडू लागले. बड्या व्यापाऱ्यांचे हिशेब ग्रोसोत, तर पाव-मासळीची खरेदी देनारोत. परदेशी गिऱ्हाइकापुढे शहराने आपली पत प्राणपणाने जपली. घरच्या मजुराच्या मुठीतील चांदी तेवढी कमी होत गेली. भिंतीवरील लेख वजनांविषयी बोलतो, नाण्याविषयी नाही. १३३० नंतरच्या दशकात बारा देनारोंचा ‘सोल्दिनो’ आला. एक ग्रॅमहून हलके हे नाणे व्यापारी गलबतांतून थेट लंडनपर्यंत पोहोचले आणि तेथे त्यावर बंदी आली.

सेंट मार्क चौकालगत, पाण्याकडे तोंड करून टाकसाळीची दगडी इमारत उभी आहे. सोळाव्या शतकात सान्सोविनोने ती बांधली; आता तेथे ग्रंथालय आहे. टाकसाळीस ‘झेक्का’ म्हणत. हा शब्द अरबी ‘सिक्का’वरून आलेला, म्हणजे आपल्या ‘शिक्क्या’चा सख्खा भाऊ. येथील टाकसाळीतून १२८४ च्या ठरावानुसार निघालेला सोन्याचा दुकात पुढे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. महाराष्ट्रात त्यासच ‘पुतळी’ म्हणू लागले आणि त्याच्या माळा झाल्या. त्यावरील चित्र मुळात ग्रोसोचे: सेंट मार्क डोजेच्या हाती ध्वज देत आहे. ग्रोसोवर डोजे उभा आहे, दुकातावर गुडघे टेकून.

चौकातच कोर्रेर संग्रहालयात व्हेनिसची जुनी नाणी मांडलेली आहेत. सोन्याच्या दुकातापुढे गर्दी असते. देनारो शोधावा लागतो. नखाएवढा, पातळ, किंचित वाटीसारखा खोलगट.