तांबड्या पट्टीचें जाकीट

आमच्या बडनेऱ्याच्या घरीं ओसरीच्या कोपऱ्यांत एक सागवानी खुंटी आहे. तीन पिढ्यांत घरांत पुष्कळ फेरफार झाले. चुलीच्या जागीं शेगडी आली, शेगडीच्या जागीं गॅस आला, शेणानें सारवलेल्या माजघरांत शहाबादी फरशी बसली. पण ती खुंटी आणि तिच्यावरचें जाकीट यांची जागा बदलली नाहीं. जाकीट उंबरठ्याच्या आंत कधींच आलें नाहीं. हा नियम आजीनें घालून दिला होता, आणि तिला जाऊन पन्नास वर्षें होत आलीं तरी आमच्या सुनांनीं तो मोडलेला नाहीं.

जाकीट आजोबांचें, शिकारीचें, खाकी ड्रिलचें. त्याच्या पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, चार बोटें रुंदीची एक तांबडी पट्टी आडवी शिवलेली आहे. रंग विटला आहे, पण लपत नाहीं. येणारा-जाणारा पाहुणा विचारतो, "हें काय, पट्टेवाल्याचें जाकीट कीं काय?" मी हंसून वेळ मारून नेतों. गेल्या महिन्यांत मात्र असा एक प्रश्न आला कीं वेळ मारून नेणें मला शक्य झालें नाहीं.

माझ्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत नोकरीस असतो. तिकडे पानगळीच्या दिवसांत फेझंट नांवाच्या, कोंबड्याएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीला मंडळी हौसेनें बाहेर पडतात. (पक्षी मूळचा तिकडचा नव्हेच. १८८१-८२ च्या सुमारास तो चीनमधून नेऊन ऑरेगॉनमध्यें सोडला, आणि पुढें तो त्या देशांत असा रुजला कीं साउथ डकोटानें त्याला आपला राज्यपक्षी करून टाकलें.) कचेरींतील मित्रांनीं आमच्या चिरंजीवांना आमंत्रण दिलें. त्यानें रविवारीं टेलिफोनवरून मला विचारलें, "आजोबा, जाकीट कसें निवडूं? दुकानांत पंचवीस तऱ्हा आहेत. आपल्याकडे खापरपणजोबांचें आहे ना? त्यांत काय काय आहे तें सांगा."

प्रश्न साऱ्या घरानें ऐकला. विळीवर भाजी चिरणाऱ्या सूनबाईंचा हात थांबला. ताईनें तर "त्याला स्पष्ट नाहीं म्हणून कळव," असा हुकूमच सोडला. माझ्या मुलाचें म्हणणें पडलें कीं तो तीस वर्षांचा आहे, आणि त्यानें जाकिटाविषयीं विचारलें आहे, परवानगी मागितलेली नाहीं. मी म्हटलें, आठ दिवसांनीं सांगतों. आणि त्या संध्याकाळीं जाकीट मांडीवर घेऊन ओसरीवर बसलों.

आजोबा येथल्या मालधक्क्यावर कारकून होते. जी. आय. पी. रेल्वेच्या त्या काळांत बडनेरें म्हणजे कापसाच्या गांठींचें गांव. आठवडाभर गांठी मोजायच्या आणि थंडींतल्या रविवारीं बारा बोअरची दुनळी खांद्यावर टाकून माळावर जायचें, हा त्यांचा परिपाठ. ब्राह्मणाच्या घरीं हा नाद कोठून शिरला तें देव जाणे. मारलेलीं पांखरें ते गार्डांच्या व ड्रायव्हरांच्या वस्तींत वांटून टाकीत. घरीं कधीं आणलीं नाहींत. बाहेर खाल्लीं कीं नाहींत, हें आजीनें विचारलें नाहीं आणि त्यांनींही सांगितलें नाहीं.

कोणा गोऱ्या अधिकाऱ्याचें जाकीट पाहून त्यांनीं जुन्या वस्तींतल्या शिंप्याकडून हें शिवून घेतलें. पण नक्कल जशीच्या तशी केली नाहीं. साहेबाचें जाकीट लोंकरी होतें. आमच्या माळावर लोंकर घालून जाणाऱ्याची काय गत होते तें ज्यानें कुसळी गवत तुडविलें आहे त्यालाच ठाऊक. बडनेऱ्याहून दक्षिणेस अंजनगांव बारी आणि कोंडेश्वराच्या बाजूला निघालें, कीं दिवाळीनंतर तें गवत वाळून पिवळें पडतें आणि त्याचीं कुसळें वस्त्रांत शिरतात; नुसतीं चिकटत नाहींत, ओल लागली कीं पीळ घेत आंत सरकतात. लोंकर, फ्लॅनेल, हातमागाचें सैल कापड, सारें त्यांना सारखेंच प्रिय. दाट विणीचें ड्रिल मात्र त्यांना दाद देत नाहीं. बोरीबाभळीच्या कांट्यांनाही तेंच कापड पुरून उरतें. आज बाजारांत ऊबदार म्हणून जीं मऊ, केसाळ कापडें मिळतात तीं घालून एकदां कोंडेश्वराची वाट धरावी. परत येऊन रात्रभर कुसळें वेंचीत बसावें लागेल.

उजव्या खांद्यावर चामड्याचा तुकडा आहे, तो बंदुकीच्या दस्त्यासाठीं. पाठींत एक खोल चुणी आहे, म्हणजे हात झटकन् वर नेतांना कापड ओढत नाहीं. गुंड्या शिंगाच्या आहेत. पितळेची गुंडी उन्हांत चमकते. पुढें झांकणाचे दोन मोठे खिसे; उजव्यांत भरलेलीं काडतुसें, डाव्यांत झाडलेलीं. तित्तरासाठीं सहा नंबरचे छर्रे, लाव्हरीसाठीं आठ नंबरचे. आंकडा वाढतो तसा छर्रा बारीक होतो. काडतुसें चामड्याच्या पट्ट्यांत खोंवण्याची चाल होती, पण चामड्यांत राहून त्यांच्या पितळी बुडाला हिरवा गंज चढतो, म्हणून आजोबांना ती पसंत नव्हती. कागदी नळीचीं तीं काडतुसें पावसाळी हवेनें फुगत आणि नळींत शिरत नसत. यासाठीं तीं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, खालीं भाजलेलें मीठ घालून, ठेवलेलीं असत. पंचवीस काडतुसांचें वजन किलोभर तरी होतें. शिकाऱ्याची निम्मी दमछाक पांखरामागें धांवून नव्हे, काडतुसें वाहूनच होते. हावरा मनुष्य पन्नास घेतो, आणि दुपारपर्यंत त्याचा नेम जातो.

राहिली पाठीमागची पिशवी. जाकिटाच्या खालच्या भागांत कमरेभोंवतीं ती फिरते. दोन्ही बगलांना तोंडें आहेत. आंत मेणकापड, आणि मेणकापडाच्या आंत बटणांनीं सुटणारें पांढऱ्या मांजरपाटाचें अस्तर. मारलेलें पांखरू येथें जातें. या अस्तराविषयीं पुढें सांगतों. आधीं पट्टी.

ती मूळच्या जाकिटावर नव्हती. १९४३ सालच्या हिंवाळ्यांतली गोष्ट. मला ती आजीच्या तोंडून कळली. आजोबांबरोबर एक फासेपारधी नेहमीं असे. माळावरचें त्याचें ज्ञान आजोबांच्या दसपट. फासाच्या दोऱ्या आणि बांबूच्या खुंट्या एवढ्या सामग्रीवर तो जें करी तें आजोबांना विलायती बंदुकीनें साधत नसे. तित्तर उडण्यापेक्षां पळणेंच पसंत करतो, रात्रीं कांटेरी झाडावर थव्यानें बसतो, हें सारें आजोबा त्याच्यापाशींच शिकले. त्या दिवशीं तुरीच्या शेतांत दोघे दोन बाजूंनीं चालत होते. तूर पुरुषभर वाढलेली. पारध्याचें धोतर आणि बंडी मातीच्या रंगाचीं. लाव्हरीचा थवा पायाखालून भुर्रकन् उठला, खालून गेला, आणि आजोबांनीं बंदुकीची नळी त्याच्याबरोबर फिरविली. चार छर्रे पारध्याच्या खांद्यांत गेले.

तो इस्पितळांत यावयास तयार होईना. कारण उघड होतें. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पारधी म्हटला कीं जखमेच्या आधीं त्याची चौकशी व्हायची: शेतांत काय करीत होतास? आजोबांनीं त्याला छकड्यांत घालून अमरावतीस नेलें आणि फौजदारापुढें स्वतः सांगितलें कीं बार माझा. खांदा महिन्याभरांत भरून आला. बरा होऊन तो आमच्या दारीं आला तेव्हां आजोबांना काय बोलावें तें सुचेना. तोच म्हणाला, "रावसाहेब, पाखरू दिसलं तुमाले, मी नाई दिसलो."

आजी आंतून ऐकत होती. तिनें आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा तांबडा पदर फाडला. निम्म्याचें मुंडासें त्याला दिलें. उरलेल्या निम्म्याची पट्टी करून जाकिटावर शिवली. त्यासाठीं ती ओसरीच्या पायरीवर बसली होती, जाकीट आंत नेलें नाहीं. आजोबा म्हणाले, "तांबड्यानें पांखरें बुजतील." ती म्हणाली, "बुजूं देत."

आजोबांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. पक्ष्यांना रंग आपल्याहून अधिक दिसतात. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही त्यांपैकीं पुष्कळांना दिसतात. पण तित्तर काय, लाव्हरी काय, पायाशीं येईपर्यंत दबूनच बसतात, आणि त्यांना उठविणें हाच या शिकारीचा मार्ग. तेथें लपून काय मिळवायचें? अमेरिकेंत आज याच शिकारीला भडक नारिंगी जाकीट घालतात तें याच विचारानें. मिनेसोटाच्या कायद्यांत तर अशा शिकाऱ्यानें कमरेवर एक तरी नारिंगी किंवा तसेंच भडक गुलाबी वस्त्र दिसेलसें घातलें पाहिजे अशी अटच आहे. आमच्या आजीनें तो कायदा लुगड्याच्या पदरावर आधींच लिहून ठेवला होता.

आतां अस्तर. मी सात-आठ वर्षांचा असतांना एकदां पहाटे जाग आली म्हणून परसांत गेलों. विहिरीपाशीं आजी कालचें लुगडें नेसून बसली होती आणि थंड पाण्यांत तें मांजरपाट रिठ्यानें चोळीत होती. ऊन पाण्यानें रक्ताचा डाग पक्का होतो, म्हणून थंडच पाणी हवें. जें जाकीट तिनें कधीं आंत येऊं दिलें नाहीं त्याचें अस्तर ती स्वतः धूत होती, कोणी उठण्यापूर्वीं, स्नानापूर्वीं. गडी होता, मोलकरीण होती. मीं विचारलें, "तूं कां?" ती म्हणाली, "दुसऱ्यानें कां?" मग स्नान करून, सोंवळें नेसून ती देवघरांत गेली. त्या हिंवाळ्याच्या शेवटीं ती आजोबांना इतकेंच म्हणाली, "यंदा फार झालीं." आंकडा तिला अस्तरावरून कळत होता. आजोबांनीं उत्तर दिलें नाहीं. पण पुढच्या दिवाळीनंतर बंदूक भिंतीवरून निघाली नाहीं.

पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवानेही गेले, आणि त्या नादाचा आपल्याकडे प्रश्नच उरला नाहीं. जाकीट माझ्याकडे आलें. मी तें घालून दुर्बीण घेऊन त्याच माळावर जातों. पोहरा-मालखेडच्या रानांत तित्तराची पहाटेची हांक अजून ऐकूं येते. पण ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें, पडीक माळ नांगरले गेले, आणि गवतावर राहणारीं पांखरें उठवून मारायला शिकारी लागलाच नाहीं. तणमोराचेंच पहा. पावसाळ्यांत नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो. एके काळीं त्या उडीनेंच तो बंदुकीला सांपडे. आतां उडी मारण्यापुरतेंही गवत त्याला मोठ्या मुष्किलीनें मिळतें. अकोला-वाशीमकडे 'संवेदना' या संस्थेच्या सोबतीनें फासेपारध्यांनींच त्याच्या माळांची राखण आरंभिली आहे, हें मला मोठें वाटतें. काडतुसांच्या खिशांत माझी वही व पेन्सिल असते, आणि पाठीच्या पिशवींत दशम्या व दोन पेरू.

आठव्या दिवशीं चिरंजीवांचा टेलिफोन आला. त्यानेंही विचार केलेला दिसला. १९३७ पासून तिकडे बंदुकी-काडतुसांवरील कराचा पैसा रानांच्या व प्राण्यांच्या रक्षणाकडे जातो, असें त्यानें सांगितलें. गोष्ट खरी आहे, आणि तो देश निराळा, पक्षी निराळा, कायदा निराळा. सलीम अलींचा पक्ष्यांशीं परिचयही लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीपासूनच झाला होता. तेव्हां मीं त्याला जा असें म्हटलें नाहीं, जाऊं नको असेंही म्हटलें नाहीं. ताई त्या दिवसापासून माझ्याशीं जेवढ्यास तेवढें बोलते.

जाकिटाविषयीं मात्र सांगितलें. नारिंगी घे, पाठीवर, छातीवर, टोपीवरही. बरोबरच्या माणसानेंही घातलें आहे कीं नाहीं तें आधीं पहा. नसेल तर त्या दिवशीं घरीं रहा. कापड दाट विणीचें घे. काडतुसें थोडीं घे. नुसत्या पट्ट्यांवर पिशव्या लटकविलेलें हलकें जाकीट मिळतें म्हणतोस, तें चालण्यास सोयीचें असेलही. पण पाठीवर रंग किती दिसतो तें पाहून मग ठरव. पिशवीचें अस्तर सुटें असावें. आणि तें धुण्याच्या यंत्रांत टाकूं नको, हातानें धू, थंड पाण्यांत. मग त्याला पट्टीची आणि विहिरीची हकीकत सांगितली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

दोन दिवसांनीं त्याचा निरोप आला. नारिंगी, पुऱ्या पाठीचें, सुट्या अस्तराचें जाकीट त्यानें पाहून ठेवलें होतें. जाण्याचें ठरलें कीं नाहीं, त्याबद्दल अक्षर नव्हतें. त्याला एवढेंच हवें होतें कीं खापरपणजोबांच्या जाकिटाची पाठीमागची पिशवी नेमकी किती खोल आहे. मीं आजीच्या शिवणाच्या डब्यांतली फीत काढली आणि ओसरीवर उभा राहून मोजली. सोळा इंच भरली.