आढ्यवात

श्रीमंती माझ्या वाट्याला आली ती उजव्या पायाच्या अंगठ्यातून! गेल्या वर्षी एका रविवारी मेहुण्यांकडे मटण आणि कोलंबी असा दुहेरी बेत झाला, आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास मी कळवळून उठलो. अंगठ्याच्या मुळाशी कुणी निखारा ठेवून फुंकर घालीत आहे असे वाटत होते. चादरीचा भारदेखील सोसवेना. "अहो, विंचूबिंचू चावला की काय?" म्हणत सौ.ने दिवा लावला. विंचू नव्हता. अंगठा मात्र लालबुंद होऊन चकाकत होता.

डॉक्टरांनी नाव सांगितले, गाऊट. आपल्या वैद्यकातले वातरक्त ते हेच, असे मानतात. चरकसंहितेत त्याला 'आढ्यवात' असेही नाव आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. मराठीच्या प्राध्यापकाचा पगार पाहता रोग पत्ता चुकला असावा.

गंमत अशी, की ऐन कळांच्या दिवशी रक्ताचा आकडा सरळ आला. असे होते म्हणे. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा शंभर मिलिलिटरमागे ८.९ मिलिग्रॅम युरिक आम्ल निघाले. ६.८च्या वर ते नीट विरघळून राहत नाही, सांध्यांत त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात. आणि पाय हा शरीराचा थंड भाग असल्याने पाहुणा बहुधा तिथेच उतरतो. कुत्र्यामांजरांच्या शरीरात हे आम्ल फोडणारे एंझाइम असते. माणसाने ते उत्क्रांतीच्या वाटेवर गमावले.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे अण्णा उभे राहिले. वडील वीस वर्षे 'वात' म्हणून कण्हत होते. बोटांच्या पेरांवर गाठी आल्या होत्या. एक फुटली तेव्हा आतून खडूच्या भुकटीसारखे पांढरे निघाले. कुणीसे डाळी वर्ज्य सांगितल्या, आणि तुरीच्या आमटीवर जीव असलेला तो माणूस वीस वर्षे ताकभात जेवला. बुधवारचा मटणाचा रस्सा तेवढा चालू राहिला! "डाळीचे एवढे भय नको," डॉक्टर म्हणाले, "मांस, मासळी, बिअर, गोड सरबते यांना जपा. पण नुसत्या पथ्याने भागायचे नाही."

भागवणारी गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल, अमेरिकेत १९६६ सालीच मान्य झाली होती. ती ज्यांच्या संशोधनातून निघाली त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अण्णा गेले २००४ साली. आम्ही कधी रक्त तपासलेच नाही. वात म्हणजे वात, त्यात तपासायचे काय!

एवढे कळूनही मी शहाणा झालो म्हणावे, तर तेही नाही. तीन महिने गोळी घेतली, अंगठा शांत झाला, मी बाटली कपाटात ठेवली. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला एका पायावर उड्या मारीत गेलो! डॉक्टर रागावले नाहीत. दुखणे थांबले तरी स्फटिक आतच असतात, आकडा ६च्या खाली वर्षानुवर्षे ठेवला तर ते हळूहळू विरघळतात, एवढेच त्यांनी पुन्हा सांगितले. गोळी लहान मात्रेपासून चढवायची. पहिल्या काही महिन्यांत कळा उलट वाढू शकतात, म्हणून जोडीला कोल्चिसीन दिले.

परवा आकडा ५.६ आला. त्या दिवशी सौ.ने तुरीची आमटी केली होती, चिंचगुळाची. मी दुसरी वाटी मागितली तेव्हा तिने नुसते अण्णांच्या तसबिरीकडे पाहिले आणि वाटी भरून दिली.